सोळा घोरण्यांचा तीनताल

जोतिबाची शप्पथ, अंबाबाईची शप्पथ, ह्या घरातल्या सगळ्या लेकरांची शप्पथ, आता जे सांगते त्यातला शब्द न् शब्द खरा हाय! मोठ्यानंच सांगते. खिडकी लावू नकोस गं शांभवी, शेजारचे ऐकू देत की.

हसतीस काय? पन्हाळ्यावर वाघानं माझ्या हातची भाकरी खाल्ली, ते खोटं हुतं, मान्य. गडहिंग्लजच्या बाजारात एक मिरची हुंगून बैल रडला, ते निम्मं खरं. पण ही गोष्ट तसली न्हाय. ही सांगताना मला मजा येत न्हाय, ह्यावरनंच वळख.

"गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांग," म्हणतीस व्हय? ते शेवटी बघू. तिथं हात उगंच लावायचा नसतो.

तर सत्त्याण्णव साल. आमचं एक मंडळ हुतं. गाणाऱ्यांचं न्हवं, ऐकणाऱ्यांचं. मंगळवार पेठेत एक तालीम हुती. खाली पैलवान जोर काढायचे आणि वरच्या खोलीत महिन्याच्या पैल्या ऐतवारी सकाळी नऊला गाण्याची बैठक. खालनं तांबड्या मातीचा वास वर यायचा, वरनं तंबोऱ्याचा सूर खाली जायचा. पोस्टातनं रिटायर झालेले गणपतराव सगळं बघायचे. चाळीस-पन्नास माणसं सतरंजीवर. बायकांत पैल्या वळीला मी आणि अंबूबाई. अंबूबाई आमच्याच बोळातली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी थोरली, तोंडानं फटकळ. ती आता न्हाय. "गंऽगव्वा!" म्हणून तिनं हाक मारली की बोळाच्या टोकाची कुत्री उठून बसायची.

माझं काम काय, तर वही. कुठला राग, कुठली बंदिश, कुठला ताल, पेटीला कोण, तबल्याला कोण, सगळं त्यात लिहायचं. तुझ्या आज्ज्यानं सुरू केलती, ते गेल्यावर मी चालवली. गणपतराव बी काय अडलं की मलाच विचारायचे, "गंगव्वा, वही काय म्हणती?" लई मान हुता मला त्या वहीपायी.

तबल्याला आमचे आकाराम मास्तर ठरलेले. बारीक अंगाचा माणूस, गळ्यात तुळशीची माळ, च्या सोडून कशाला शिवायचा न्हाय. आमच्याच बोळात ऱ्हायचे, घरी पोरांना तबला शिकवायचे. वाजवताना डोळे मिटायचे आणि मान अशी डावीकडं कलंडायची, जणू डग्गा कानात काय तरी सांगतोय. बाहेरगावचे गाणारे आले की म्हणायचे, "आकाराम असतील तर येतो."

आणि एक गुरुप्रसाद.

त्याचं नाव काढलं की आमच्या सतरंजीवर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. हा पेपरात लिहायचा. पेपरचं नाव सांगत न्हाय, त्यांचा काय गुन्हा? झब्बा घालून सगळ्यांत पुढं बसायचा, पाय पसरून. गाणारी समेवर यायच्या आधीच "वाऽऽ!" म्हणून वरडायचा. अगं, भाकरी तव्यावर हाय आणि हा हात धुवून उठला! आणि मध्यंतर झालं की च्या पिऊन पसार. दुसऱ्या निम्म्याला कधी बसला न्हाय. तरी पेपरात छापून यायचंच, "मध्यंतरानंतर मैफल उत्तरोत्तर रंगत गेली." दर महिन्याला तेच वाक्य. एकदा मध्यंतरानंतर गाणाऱ्याचा घसा बसला आणि बैठक मोडली, तरी ती "उत्तरोत्तर रंगत गेली"!

आमी मंगळवारी पेपर आला की कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो. "सुरांची बरसात" किती वेळा आलं ते मोजायचो.

अंबूबाई म्हणायची, "ह्याच्या बरसातीत माझी वाळवणं भिजली गं!"

"ह्याला कान हायत का नुसत्या चष्म्याच्या खुंट्या?" मी म्हणायची.

आता खरी गंमत ऐक. हा दुसऱ्या निम्म्याचं लिहायचा कशावरनं? तर माझ्या वहीवरनं! ऐतवारी संध्याकाळी पाचला स्कूटर घेऊन दारात हजर. "काकू, वही बघू जरा." मी चिवडा द्यायची, च्या द्यायची, हा मांडीवर वही ठेवून उतरून घ्यायचा. हा गेला की आमी त्याच्या नावानं बोटं मोडायचो. खायला घालून शिव्या द्यायच्या, अशी आमची रीत.

त्या फेब्रुवारीत धारवाडकडची सौंदर्या म्हणून एक पोरगी गायला आलती. पैल्यांदा तोडी गायली, बरी गायली. मध्यंतर झालं, पेपरचा फोटोवाला चार फोटो काढून गेला, गुरुप्रसाद बी स्कूटरला लाथ मारून गेला. आणि मग त्या पोरीनं सारंग लावला. तीनताल. शांभवी, काय सांगू! ती गात हुती की आकाराम मास्तर तिला गायला लावत हुते, कळंना. एकदा पोरीचा श्वास अडकला, तर ह्या माणसानं डाव्या हातानं डग्गा असा घुमवला की आमाला वाटलं तिनंच तिथं थांबायचं ठरवलं हुतं. डोळे मिटलेले, मान कलंडलेली. खालचे पैलवान जिन्यात येऊन उभे ऱ्हायले, अंगाला माती तशीच. मी वहीत लिहिलं, "आकाराम. आज कळस." दुसरं काय लिहायला सुचलंच न्हाय.

संध्याकाळी पाचला स्कूटर वाजली. मी आणि अंबूबाई सोप्यात शेंगा फोडत बसलेलो. अंबूबाई म्हणली, "गंगव्वा, वही लपव. आज ह्याला तोंडी सांगू. असलं सांगू की छापलं तर सगळ्या गावाला कळंल, हा तिथं न्हवता."

मला ते लई आवडलं. मी वही पिठाच्या डब्यामागं सारली.

गुरुप्रसाद आला. "काकू, वही?"

"वही गणपतरावांनी नेली," मी म्हणलं. "तोंडी सांगतो की आमी. लिहून घ्या."

मग अंबूबाईनं सुरू केलं. "पावणं, आज जे झालं ते सात जन्मांत हुणार न्हाय. आकाराम मास्तर झोपले!"

"झोपले?"

"वाजवता वाजवता! आणि घोरायला लागले. पण कसं? तीनतालात! सोळा घोरणी, एक कमी न्हाय की एक जादा न्हाय. पैली चार डाव्या नाकपुडीतनं, दुसरी चार उजव्या. नवव्या मात्रेला तालाची खाली असती न्हवं? तिथं नाक बंद, चार नुसती तोंडानं! परत तेराव्यापास्नं नाक सुरू. ती पोरगी त्या घोरण्यावर गायली. हात नुसते मांडीवर हुते मास्तरांचे!"

मी पदर तोंडात घालून हसत हुते. गुरुप्रसाद बी हसला. मला वाटलं, आता हा उठून जाईल. पण त्यानं खिशातनं पेन काढलं.

"म्हणजे डुलकी लागली त्यांना?" तो म्हणाला.

"डुलकी? घोरत हुते म्हणते न्हवं!"

"बरं, बरं," म्हणून त्यानं लिहून घेतलं. चिवडा संपवला, गेला.

आमची समजूत अशी की छापलं तर सोळा घोरणी छापील आणि गावभर त्याचं हसं हुईल. हा माणूस शहाणा निघाला गं. त्यानं आमच्या हत्तीची सोंड कापली, सुळे कापले, पाय आखूड केले, आणि उंदीर करून छापला. हत्ती कुणी खरा मानला नसता. उंदीर सगळ्यांनी मानला.

मंगळवारी पेपरात आलं. अजून पाठ हाय मला. "मध्यंतरानंतर मैफल उत्तरोत्तर रंगत गेली. तबल्याच्या साथीला मात्र पेंग आली होती. वादक आकाराम काही वेळ चक्क डुलक्या घेताना दिसल्याने रसिकांचा हिरमोड झाला." आणि शेजारी फोटो. डोळे मिटलेले, मान कलंडलेली.

मी पेपर खाली ठेवला. हसू आलं न्हाय.

चाळीस माणसांना खरं काय ते ठावं हुतं. पेपर वाचणारे किती, तूच सांग.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला तबल्यावर दुसराच माणूस. गणपतराव म्हणाले, "येणारे गवई म्हणत्यात, मास्तर नकोत. मी सांगून दमलो की तसं काय झालं न्हाय. ते म्हणत्यात, फोटो हाय की." शिकणारी पोरं एकेक करून गेली. दारू पितो म्हणायला लागले गं, माळकरी माणसाला! आणि सगळ्यांत वाईट काय झालं ते ऐक. ती सोळा घोरण्यांची गोष्ट मी त्या दोन दिवसांत कट्ट्यावर, नळावर, चक्कीत, सगळीकडं रंगवून सांगितलती, कुणी तरी त्याला अशी थाप मारलीय, आता गुरुप्रसादची जिरणार म्हणून. ती बोळातल्या पोरांनी उचलली. मास्तर सायकलवरनं चालले की पोरं घोरायची. बरोबर सोळा. नवव्याला नाक धरून. मी सांगितलं तसंच.

मी दारात तांदूळ निवडत बसलेली असायची आणि ते समोरनं जायचे. मान वर व्हायची न्हाय माझी. ते मात्र म्हणायचे, "बरं हाय न्हवं, गंगाक्का?"

दोन महिन्यांनी त्यांनी कागलच्या एमआयडीसीत वॉचमनची नोकरी धरली. पैल्याच दिवशी तिथला साहेब म्हणाला म्हणं, "झोपू नका बरं का, पेपरात वाचलंय तुमच्याबद्दल."

मी पेपरच्या हापिसात गेले एकदा. गुरुप्रसाद टेबलावर वाकून लिहीत हुता. कुस्तीची बातमी, मुख्याध्यापकांचा सत्कार, उसाचा मेळावा, सगळं तोच लिहायचा हे मला तवा कळलं. मध्यंतराला तो पळायचा ते दुसऱ्या कार्यक्रमाला. ऐतवारी एकट्याला चार-चार असायचे.

मी म्हणलं, "ते खोटं हुतं. आकाराम मास्तरांचं. छापा की तसं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काकू, काय छापू? मी मध्यंतराला निघून गेलो होतो, असं छापू? दुसऱ्या दिवशी घरी बसवतील मला. तुम्ही पत्र लिहा वाचकांच्या सदरात. खाली नाव घाला. मी एक अक्षर न कापता लावतो."

एक अक्षर न कापता! नेमकं आताच.

मी घरी आले, कागद घेतला. "संपादकांस नमस्कार" लिहिलं. पुढं? खोटं मी सांगितलं, असं लिहायचं? वहीवाल्या गंगव्वानं? गणपतराव वाचतील, बोळ वाचंल, तुझा बाप वाचंल. कागद चुलीत गेला. आणि तुला सांगते, त्या दिवसापास्नं मी गुरुप्रसादला शिव्या द्यायचं थांबवलं न्हाय. दुप्पट द्यायला लागले. जितकी माझी लाज वाढली तितका माझा आवाज वाढला. लोक म्हणायचे, गंगव्वाला गाण्याची किती कळकळ!

तीन वर्षं गेली. अंबूबाई मधी वारली. आणि दोन हजार साली गुरुप्रसाद केबलवर आला.

यव्वा! पेपरात निदान तोंड बंद असायचं. केबलवर दर सोमवारी संध्याकाळी सहाला त्याचा कार्यक्रम. गळ्याला चकचकीत उपरणं, हातात माईक. गाणाऱ्या बाईनं आलाप लावला की हा मधीच, "मंडळी, काय हा आवाज!" अरे बाबा, तोच आवाज ऐकू दे की! "गाण्याची प्रेरणा कुठून मिळाली?" हे सगळ्यांना. "दोनच ओळी म्हणा, वेळ कमी आहे," आणि मग स्वतः दहा मिनिटं बोलणार. खाली साड्यांच्या सेलची पट्टी पळत असायची. आमच्या बोळात सहा वाजता पाच घरांतनं एकदमच आवाज यायचा, "आता गप बस की रं!"

एका सोमवारी टीव्ही लावला आणि माझ्या हातातली परात खाली पडली. पाहुणे म्हणून आकाराम मास्तर बसलेले. केस पांढरे झालेले. पुढं तबला. गुरुप्रसादनंच बोलावलंतं त्यांना. त्याला बी काय तरी डाचत असणार.

मास्तरांनी वाजवायला घेतलं. चार आवर्तनं झाली न्हाईत तोवर ह्याचं सुरू, "मंडळी, बोटं बघा, बोटं!" मी टीव्हीला चप्पल दाखवली. मग त्यानं वाजवणं थांबवून विचारलं. आवाज जरा बारीक झाला त्याचा. "मास्तर, मागं एकदा आपल्याबद्दल छापून आलं होतं. ते झोपेचं. त्याबद्दल काय सांगाल?"

मास्तर डग्ग्यावर हात फिरवत म्हणाले, "कुणी तरी सांगितलं असंल. कोण ते ठावं न्हाय. पण एवढं सांगतो, त्यानं त्या दिवशी गाणं ऐकलं नसणार. ऐकणाऱ्याला असलं सुचत न्हाय."

शांभवी, माझ्याबद्दल आजवर लोक काय काय बोलले. लबाड म्हणाले, भोचक म्हणाले. "ऐकलं नसणार" असं कुणी म्हणलं न्हवतं.

पडद्यावर खाली फोनचा नंबर हुता. मी फिरवला. लागला!

"नमस्कार, कोण बोलतंय? कुठून बोलताय?"

"मी गंगव्वा..."

"काकू, तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा!"

मी धावत जाऊन टीव्हीच बंद केला. आता मला काय दिसंना, नुसता फोन कानाला.

"बोला काकू. मास्तरांना काय विचारायचंय?"

"विचारायचं न्हाय. सांगायचंय. मास्तर झोपले न्हवते. कधीच न्हाय. त्या दिवशी त्यांच्यासारखं कोल्हापुरात कुणी वाजवलं न्हाय. ते झोपेचं आमच्या सोप्यात कुणी तरी चेष्टेनं सांगितलतं."

मला वाटलं, आता हा मधी बोलंल. जन्मभर मधी बोलला, आता बोल की रं! म्हण की, वेळ संपली, म्हण की, गाणं लावूया. गप बसला. पैल्यांदा गप बसला मेला.

मग मास्तरांचा आवाज आला, लांबनं. "कुणी सांगितलतं, गंगाक्का?"

"अंबूबाईनं," मी म्हणलं.



"अंबूबाईंनी व्हय," मास्तर म्हणाले. "बरं." आणि मग म्हणाले, "वही लिहिताय न्हवं अजून? लिहा."

फोन बंद झाला.

गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी गणपतराव मास्तरांच्या घरी पेढे घेऊन गेले. पुढच्या बैठकीच्या ऐतवारी मास्तर वरच्या खोलीत आले. कागलची नोकरी सोडली न्हाय त्यांनी, पण ऐतवारी यायला लागले. बोळातल्या पोरांना मी घरात बोलावून दम दिला, घोरणं थांबलं. मला सगळे म्हणाले, "बरं केलंस गंगव्वा, धीर लागतो त्याला."

पण त्या ऐतवारी मास्तर वाजवायला बसले आणि मी बघितलं. डोळे उघडे. सताड उघडे. मान सरळ. समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडं बघत वाजवत हुते. लय पक्की, हात तसाच, कुठं बोट ठेवायला जागा न्हाय. नुसतं डग्गा कानात सांगायचा ते बंद झालं. त्यानंतर सात-आठ वर्षं वाजवलं त्यांनी. एकदा बी डोळे मिटले न्हाईत. नवीन ऐकणारे म्हणायचे, किती जागरूक साथ! पुढं गुरुप्रसादनं बी तेच लिहिलं, तवा तो शेवटपर्यंत बसलेला हुता. वहीत मी त्या सगळ्या दिवसांपुढं राग लिहिला, ताल लिहिला, आकाराम लिहिलं. कळस कधी लिहायला मिळालं न्हाय.

झालं. संपली गोष्ट.

काय? हात? लिंगाला?

तू बी तुझ्या आज्ज्यासारखीच चिवट हाईस.

बरं. हे बघ, लावला हात. आता ऐक, खिडकी लाव आधी. सगळं खरं हाय. पैलवान जिन्यात आलते ते खरं, फोटो खरा, खिळा बी खरा. एक गोष्ट तेवढी माझ्या पदरची हाय.

अंबूबाई त्या ऐतवारी न्हवतीच. गडहिंग्लजला लेकीकडं गेलती, बारशाला. सोप्यात मी एकटीच शेंगा फोडत बसलेली. वही लपवायचं मला सुचलं. डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी, खालीला नाक बंद, सगळं माझंच.

आणि अंबूबाई गावात न्हवती हे ठावं असलेला बोळात एकच माणूस उरलता. आदल्या दिवशी तिची पिशवी सायकलला अडकवून तिला एसटी स्टँडवर पोचवायला आकाराम मास्तरच गेलते.